बांधावरचे तण आणि अंगावरचे चट्टे
गाजर गवताच्या त्वचारोगावरील संशोधनाची कहाणी

मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले, की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या कडा, कालव्याच्या चाऱ्या, गावठाणातल्या मोकळ्या जागा आणि पडीक राने आठ-दहा दिवसांत हिरवी होतात. लांबून पाहणाऱ्याला बरे वाटते. जवळ गेल्यावर कळते, की त्यातले बरेचसे गाजर गवत आहे. गाजरासारखी कातरलेली पाने आणि शेंड्याला मोहरीएवढ्या पांढऱ्या फुलांचे झुबके. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणते, कोणी चटकचांदणी. राहाता-श्रीरामपूरच्या बागायती पट्ट्यात ते पाटाच्या कडेने वाढते, तर कर्जत-जामखेडच्या जिरायती भागात पावसाची एखादी सर पडली तरी त्याला पुरते. जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, आणि चाऱ्याबरोबर पोटात गेलेच तर दुधाला कडवट वास येतो.

शेतीतला उपद्रव म्हणून हे तण सगळ्यांच्या ओळखीचे आहे. पण त्याच्यामुळे माणसाला वर्षानुवर्षे छळणारा एक त्वचारोग होतो, तो रोग भारतात पहिल्यांदा पुण्यात नोंदवला गेला आणि त्याच्या निदानाची व उपचारांची पद्धत बहुतांशी भारतीय डॉक्टरांनी घडवली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्वचारोगांचे वैद्यकीय संशोधन म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला या तणाइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. प्रश्न साधा आहे : बांधावरच्या तणामुळेच हे चट्टे उठले, हे सिद्ध कसे करायचे? आणि सिद्ध झाल्यावर रोग्याच्या पदरात काय पडते?

पाहुणे तण

पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे या वनस्पतीचे शास्त्रीय नाव. ती मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची, आणि कुळ सूर्यफूल-शेवंतीचे. पन्नासच्या दशकात ती पुण्यात उकिरड्यांच्या आसपास दिसू लागली. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात तिची भारतातली नवी वनस्पती म्हणून नोंद केली.

पी. एल. ४८० कायद्याखाली अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर हे बी आले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तारखा पाहिल्या तर हे गणित तितके सरळ राहत नाही. तो कायदा अमेरिकेत १९५४ साली झाला आणि भारताशी पहिला करार झाला १९५६ साली. म्हणजे करार होत होता, त्याच वर्षी हे तण पुण्यात रुजून, ओळखले जाऊन छापूनही आले होते. त्याआधीही परदेशातून धान्य येतच होते, त्यामुळे धान्याशी त्याचा संबंध नव्हताच असे म्हणता येणार नाही. मात्र एका कायद्यावर सगळा दोष टाकता येत नाही. येणे कसेही असो, पसरणे मात्र त्याच्या अंगच्या गुणाने झाले. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल, एका रोपाला हजारोंनी बिया, आणि ओल मिळेल तेव्हा वर्षात कितीही पिढ्या.

पुण्यातली पहिली नोंद

१९६८ साली पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अरविंद लोणकर यांनी डॉ. जोग यांच्यासह एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. विषय होता पार्थेनियम या वनस्पतीमुळे झालेला त्वचादाह. योगायोग असा, की राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झाले. एकीकडे तणाचे शेतीतले नुकसान मोजण्याची व्यवस्था उभी राहत होती आणि दुसरीकडे त्याच तणाचे माणसाच्या अंगावरचे नुकसान भारतात प्रथमच कागदावर येत होते.

वैद्यकशास्त्रात एका रोग्याच्या टिपणाला पुरावा म्हणून फार किंमत नसते. त्याचे काम 'इकडे बघा' एवढे सांगण्याचे असते. बघायला सुरुवात झाली तेव्हा रोगाचा एक ठरावीक नकाशा डोळ्यांपुढे आला. रोगी बहुधा चाळिशीपुढचा, शेतात किंवा उघड्यावर काम करणारा. चट्टे चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेभोवती, सदऱ्याच्या उघड्या गळ्याखाली आणि कोपर-गुडघ्यांच्या खोबणीत. भयंकर खाज, लाली, कधी लस वाहणे. पुढे कातडी जाड, काळपट आणि चामड्यासारखी होणे. पावसाळ्यात त्रास वाढणार, थंडीत कमी होणार. चार-पाच वर्षांनी तो बारमाही होणार.

या नकाशातच एक धागा होता. उन्हामुळे होणारा त्वचारोगही उघड्या भागावरच येतो. पण ऊन वरून पडते, त्यामुळे वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा आणि कानामागचा भाग अशा सावलीतल्या जागा त्यात वाचतात. या रोगात मात्र नेमक्या त्याच जागा धरल्या जात होत्या. म्हणजे कारण उन्हासारखे वरून पडणारे नव्हते. ते हवेबरोबर सगळीकडे पोहोचणारे आणि घामाने खोबणीत साचणारे असायला हवे. वाळलेल्या गाजर गवताचा भुगा, त्याच्या पानांवरची सूक्ष्म लव आणि परागकण ही अट नेमकी पुरी करतात. तणाला हात न लावता नुसते सायकलवरून त्या रस्त्याने जाणाऱ्यालाही त्रास का होतो, याचे उत्तर यात होते.

पाठीवरची परीक्षा

नकाशा जुळला म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. त्यासाठी पॅच चाचणी असते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ साली ती मांडली. संशयित पदार्थाचा अगदी थोडा अंश छोट्या वाटीसारख्या कप्प्यात घालून चिकटपट्टीने पाठीवर लावतात. ४८ तासांनी पट्टी काढून पहिले वाचन होते आणि साधारण ९६ तासांनी दुसरे. त्या जागी लाली, उंचवटा, बारीक पुळ्या आल्या, तर शरीराला त्या पदार्थाची ओळख आहे असे समजायचे.

दोन-चार दिवस का थांबायचे? काही प्रकारची ॲलर्जी काही मिनिटांत उठते, उदाहरणार्थ पित्ताच्या गांधी. ही ॲलर्जी त्या जातीची नाही. गाजर गवतात पार्थेनिन नावाचे रसायन असते. ते सेस्क्विटर्पिन लॅक्टोन या गटातले. त्याचा रेणू इतका लहान असतो, की एकट्याने तो शरीराच्या संरक्षक यंत्रणेच्या नजरेत भरत नाही. पण त्याच्या रचनेत एक चिकट टोक आहे. त्या टोकाने तो कातडीतल्या प्रथिनाला घट्ट जोडला जातो आणि प्रथिनाचे रूप बदलते. कातडीत पहारा देणाऱ्या पेशी हे बदललेले रूप उचलून लसिकाग्रंथींपर्यंत नेतात, आणि तिथे टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ते लक्षात ठेवतात. पुढच्या खेपेला तोच पदार्थ लागला, की या पेशींची फौज जमून हल्ला करते. फौज जमायला दोन दिवस लागतात, म्हणून ४८ तास. अशी ॲलर्जी रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे नसून पेशींमार्फत होते, हे १९४०च्या दशकात लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनिपिगवरच्या प्रयोगांतून दाखवले होते.

म्हणूनच 'मी वीस वर्षे हे गवत उपटतोय, आताच कसे बाधेल?' हा शेतकऱ्याचा प्रश्न शास्त्राच्या बाजूने पाहिला तर उलटा आहे. ओळख व्हायला वेळ लागतो. वर्षानुवर्षे काही न होणे म्हणजे पुढेही न होणे नव्हे. आणि एकदा झालेली ओळख सहसा विसरली जात नाही.

चाचणीतही एक फसगत असते. एखादा पदार्थ मुळातच दाहक असेल, तर तो कोणाच्याही पाठीवर लाल डाग उठवील. म्हणून तोच अर्क त्याच प्रमाणात रोग नसलेल्या माणसांनाही लावून पाहावा लागतो. रोग्यांना प्रतिक्रिया येते आणि निरोगी माणसांना येत नाही, असे दिसले तरच ती ॲलर्जी. पुण्यातल्या कामाचा पुढचा टप्पा डॉ. लोणकरांनी १९७४ साली मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांबरोबर लंडनच्या नियतकालिकात मांडला. १९७६ साली रसायनशास्त्रज्ञांच्या साथीने त्यांनी वनस्पतीतल्या प्रतिक्रिया घडवणाऱ्या घटकावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. संशय, नकाशा, चाचणी, रसायन अशा चार पायऱ्या आठ वर्षांत चढून झाल्या.

पुढे भारतीय डॉक्टरांनी या चाचणीला मोजमापाची जोड दिली. अर्क दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करत जायचे आणि किती पातळ झाल्यावरही पाठ प्रतिक्रिया देते ते पाहायचे. त्यावरून कोणाची ॲलर्जी किती तीव्र हे आकड्यात सांगता येऊ लागले. आज भारतातल्या प्रमाणित पॅच चाचणी संचात पार्थेनियमला कायमची जागा आहे.

शेवंतीचा फेरा

एक अडचण मात्र अशी, की पेशी रसायन ओळखतात, वनस्पतीचे नाव नाही. पार्थेनिनसारखी रसायने याच कुळातल्या इतर वनस्पतींतही असतात. त्यामुळे गाजर गवताची ॲलर्जी जडलेल्या माणसाला शेवंती आणि सूर्यफूलही बाधू शकते. नगर आणि पारनेर तालुक्यांत शेवंतीची शेती होते आणि दसरा-दिवाळी हा फुलांच्या तोडणीचा हंगाम. पावसाळा सरला, गवत वाळले, तरी एखाद्याचे चट्टे ऐन दिवाळीत का उसळतात, याचा शोध घेताना डॉक्टरने फुलांच्या करंड्यांबद्दलही विचारायला हवे.

सुरुवातीच्या अहवालांतले दुसरे कोडे म्हणजे रोग्यांत पुरुष फार आणि स्त्रिया फार थोड्या. पुरुष उघड्यावर जास्त काम करतात, हे उत्तर सहज सुचते. पण आपल्याकडे खुरपणी कोण करते, हे आठवले तर ते उत्तर टिकत नाही. बाया उघड्या हातांनी दिवस-दिवस तण काढतात. पेहरावातला फरक, संप्रेरकांचा परिणाम अशी स्पष्टीकरणे मांडली गेली. शिवाय एक शंका शहरातल्या डॉक्टरांनी मनाशी ठेवण्यासारखी आहे : किती बाया या दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी चढतात? नंतरच्या अहवालांत स्त्री-पुरुषांतले अंतर बरेच कमी झालेले दिसते. दवाखान्यात दिसणारा रोग आणि गावात असलेला रोग एकच असतो, असे संशोधकाने कधीच गृहीत धरू नये.

मुलांचे गणित निराळे

लहान मुलांमध्ये हा रोग मोठ्यांपेक्षा विरळा, कारण ओळख व्हायला वर्षे जावी लागतात. पण मुलांच्या बाबतीत निदानाचा गोंधळ मोठा होतो. मुलांचे नेहमीचे इसब, ज्याला डॉक्टर अटोपिक डर्मटायटिस म्हणतात, ते तान्हेपणी गालांवर येते आणि पुढे कोपर-गुडघ्यांच्या खोबणीत उतरते. घरात कोणाला दमा किंवा सतत शिंकांचा त्रास असतो. गाजर गवताचे चट्टेही खोबणीतच येतात. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो 'हे कधीपासून?' हा. सहा महिन्यांचा असल्यापासून असेल तर विचार एका दिशेने जातो, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच आले असेल तर दुसऱ्या.

दोन्ही एकत्रही नांदू शकतात. इसब असलेल्या मुलाच्या कातडीची भिंत मुळातच सच्छिद्र असते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे त्याचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे २००६ साली उघड झाले. अशा भिंतीतून बाहेरची रसायने सहज आत शिरतात. भारतातल्या मुलांच्या पॅच चाचण्यांत पार्थेनियमला प्रतिक्रिया आढळलेली आहे. म्हणून जुनाट इसब असलेले मूल औषधांना दाद देत नसेल, किंवा त्याचा चेहरा आणि पापण्या अचानक जास्त धरल्या गेल्या असतील, तर घरामागच्या गवताकडेही पाहावे.

मुलांवर संशोधन करण्याचे नियमही वेगळे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची लेखी संमती पुरेशी नसते. सात वर्षांपुढच्या मुलाचा तोंडी होकार लागतो आणि बारा वर्षांपुढच्याचा लेखी. दुःख मोजण्याची फूटपट्टीही वेगळी. कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी १९९४ साली मोठ्यांसाठी दहा प्रश्नांची एक पत्रिका केली. गेल्या आठवड्यात खाज किती होती, कामात अडथळा किती आला, कपडे निवडताना विचार करावा लागला का, असे प्रश्न आणि ० ते ३० गुण. पुढच्या वर्षी मुलांसाठी झोप, शाळा, खेळ यांवरची स्वतंत्र पत्रिका आली. तिची चित्रांतली आवृत्तीही आहे. अशी पत्रिका मराठीत आणणे म्हणजे नुसते भाषांतर नसते. 'खेळात अडथळा आला का' असे साठीच्या शेतकऱ्याला विचारून काय हाती लागणार? त्याचे खरे उत्तर 'रानात जाता आले नाही' किंवा 'चारचौघांत बसवेना' हे असते. ते पकडणारा प्रश्न नसेल, तर त्याचा रोग कागदावर हलका दिसतो.

कोणते औषध चांगले?

या रोगावर हुकमी औषध म्हणजे स्टेरॉइड. गोळी घेतली की आठवडाभरात खाज बसते. थांबवली की परत उसळते. मग पुन्हा गोळी. काही वर्षांत त्याच रोग्याला मधुमेह, रक्तदाब, ठिसूळ हाडे, मोतीबिंदू यांतले काही ना काही जडते. प्रश्न असा होता, की स्टेरॉइडइतकेच काम करणारे, पण त्याची किंमत वसूल न करणारे दुसरे काही आहे का?

ॲझाथायोप्रिन हे जुने औषध, मूळचे बदललेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून वापरले जाणारे. चंदीगड आणि दिल्लीच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात ते या रोगावर वापरून पाहिले. गुण दिसला, पण नुसता गुण दिसून भागत नाही. हा रोग थंडीत आपणहून कमी होतो. पावसाळ्याच्या शेवटी औषध सुरू केले, तर श्रेय औषधाचे की ऋतूचे? म्हणून तुलना एकाच काळात, दोन गटांत करावी लागते. आणि कोण कोणत्या गटात जाईल, हे डॉक्टरच्या मर्जीने न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवावे लागते. नाहीतर नकळत बरी होण्यासारखी माणसे एका बाजूला गोळा होतात.

दिल्लीच्या एम्समधला असा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रोज १०० मिलिग्रॅम ॲझाथायोप्रिन आणि दुसऱ्याला रोज २ मिलिग्रॅम बीटामेथासोन हे स्टेरॉइड, सहा महिने. रोग दोन्हींनी आटोक्यात आला. पण दुष्परिणाम आणि रोग पुन्हा उलटणे हे स्टेरॉइडच्या गटात जास्त होते. ॲझाथायोप्रिन काही निर्धोक नाही. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. काही जणांत ते रक्तपेशी कमी करते किंवा यकृताला त्रास देते, त्यामुळे ठरावीक अंतराने रक्त तपासावे लागते. तरीही वर्षानुवर्षे स्टेरॉइडवर राहणाऱ्या रोग्याला त्यामुळे बाहेर पडायला वाट मिळाली. आता भारतातली अशी प्रत्येक चाचणी राष्ट्रीय नोंदवहीत आधीच नोंदवावी लागते. २००७ साली सुरू झालेली ही नोंद २००९ पासून सक्तीची झाली. त्यामुळे न आवडलेले निष्कर्ष गुपचूप कपाटात ठेवणे अवघड झाले आहे.

मेडिकलमधली ट्यूब

इतके सगळे कळलेले असताना गावातला रोगी काय करतो? तो आधी मेडिकलमध्ये जातो. चट्टे म्हणजे गजकर्ण असे समजून तीन-चार औषधे एकत्र केलेली ट्यूब घेतो. तिच्यात स्टेरॉइड असते, त्यामुळे चार दिवस आराम पडतो. मग 'रक्तात दोष आहे', 'अंगात उष्णता आहे' म्हणून पथ्ये सुरू होतात. मग इंजेक्शन. गवत मात्र दारातच असते. ज्या रोगाचे मूळ १९६८ सालीच कळले, त्याचे निदान व्हायला आजही एकेका माणसाची वर्षे जातात.

यात दोष नुसता अज्ञानाचा नाही. पॅच चाचणीचा हिशोब पाहा. सोमवारी पट्टी लावायची, बुधवारी काढून पाहायची, शुक्रवारी पुन्हा पाहायची. मधल्या काळात पाठीला पाणी लागू द्यायचे नाही आणि घाम येईल असे काम करायचे नाही. जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट इथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पण जामखेड किंवा अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला एका चाचणीसाठी तीनदा एसटीने यायचे म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडवायची. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात हा खर्च कुठल्याही औषधापेक्षा जड आहे. उपजिल्हा रुग्णालयात किंवा तालुक्याच्या ठिकाणी पट्टी लावण्याची आणि वाचण्याची सोय झाली, तर या रोगात सगळ्यात मोठा फरक पडेल. पुढचे खरे उपयोगी संशोधन हे असू शकते : तालुक्याला प्रशिक्षित परिचारिकेने केलेले वाचन आणि तज्ज्ञाचे वाचन किती जुळते?

दुसरी बाजू तणाची. मेक्सिकोतून १९८३ साली बंगळुरूला आणून पुढच्या वर्षी सोडलेला झायगोग्रामा भुंगा पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करतो. पण पाऊस ओसरला की तो जमिनीत दडतो आणि तण पुन्हा डोके काढते. टाकळ्यासारख्या वनस्पती वाढवून त्याला दाबता येते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फुले येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटणे आणि त्याचे कंपोस्ट करणे. हे काम हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात करावे. ज्याला आधीच चट्टे आहेत, त्याने मात्र ते करूच नये. वाळलेल्या गवतात तर अजिबात शिरू नये.

चट्टे पापण्यांवर, मानेवर, खोबणीत असतील, पावसाळ्यात वाढत असतील आणि ट्यूब थांबवली की परत येत असतील, तर डॉक्टरांना एवढेच विचारा : 'हे गाजर गवताचे तर नसेल? पाठीवरची चाचणी करता येईल का?' निदान झाल्यावर ॲलर्जी पुसली जात नाही. पण शत्रू कोण हे कळलेला माणूस आपले घर कोणत्या बाजूने झाडायचे, पावसाळ्यात कोणते काम दुसऱ्याकडे सोपवायचे आणि कोणती गोळी किती काळ घ्यायची हे ठरवू शकतो. एका पुणेरी डॉक्टरच्या छोट्या टिपणापासून सुरू झालेल्या कामाचे हे फळ आहे, आणि ते बांधापर्यंत पोहोचायचे अजून बाकी आहे.